पहाटे ४ वाजून २१ मिनिटे

कोयनेचा भूकंप म्हटला की आपल्याला धरण आठवते. त्याची वेळ मात्र सहसा लक्षात राहत नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, कोयनानगर साखरझोपेत असताना जमीन हादरली. सुमारे १८० माणसे दगावली, असंख्य घरे कोसळली.

शिवाजीसागर जलाशयात १९६१-६२ पासून पाणी साठू लागले आणि लवकरच लहान धक्के जाणवू लागले. पाण्याचा भार आणि भेगांतून खोल झिरपणारे पाणी यांमुळे खडकात आधीच साचलेला ताण मोकळा होतो, असे भूशास्त्रज्ञ मानतात. १९६७ नंतरही हे धक्के थांबले नाहीत. त्यांच्या अभ्यासासाठी २०१७ मध्ये गोठणे येथे ३ किलोमीटर खोल विवर खोदण्यात आले.

अशी पहाट हृदयावर काय आघात करते, हे एका दूरच्या भूकंपाने दाखवून दिले. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनी लॉस एंजेलिसजवळचे नॉर्थरिज हादरले. त्या भागात हृदयविकाराने होणारे आकस्मिक मृत्यू आदल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ४.६ होते, त्या एका दिवशी ते २४ झाले. त्यांपैकी केवळ तिघांच्या बाबतीत असाधारण शारीरिक श्रम झाले होते. इतरांच्या बाबतीत संशयाची सुई भीतीकडेच वळते.

गाढ झोपेत हृदयाची गती मंदावते, त्याला विसावा मिळतो. चिंता हा विसावा हिरावून घेते: शरीर सावध राहते, ठोके जलद पडतात, ती धडधड ऐकून झोप आणखी दूर पळते. उतारवयात झोप मुळातच हलकी होते, तेव्हा हे चक्र तोडणे अधिक अवघड जाते.

१९६७ साली विशीत असलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी कोणी पहाटे दचकून उठत असेल, तर 'वयच झाले' म्हणून आपण विषय संपवू नये. अनियमित ठोके केवळ चिंतेचे नसतात. वाढत्या वयात ते पक्षाघाताचा धोका वाढवणाऱ्या विकाराचेही लक्षण असू शकतात. हृदयाचा आलेख काढल्यावाचून हा फरक कळत नाही. आणि निदान चिंतेचेच निघाले, तरी ती खोटी ठरत नाही. त्या माणसाने जमीन हलताना पाहिलेली असते.