किल्ली काढल्यावर जागं काय राहतं?

इंग्लंडमधली किट कार वेगाच्या वेडातून जितकी जन्माला आली, तितकीच कर वाचवण्याच्या खटपटीतूनही.

ऑक्टोबर १९४० मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, ब्रिटनने 'पर्चेस टॅक्स' लावला. लोकांनी चैनीच्या वस्तूंवर पैसा उधळू नये, हा हेतू. युद्ध संपलं, कर मात्र राहिला. १९५०च्या दशकात नव्या मोटारीवर तो ६० टक्क्यांच्याही वर गेला होता. पगारदार तरुणाने स्पोर्ट्स कारचं फक्त चित्र पाहावं, अशी परिस्थिती.

पण कर होता तयार गाडीवर. सुट्या भागांची खोकी घरी आणून गाडी स्वतः जोडली, तर तो लागत नसे. ही फट अनेकांनी हेरली. त्यांतला सगळ्यांत गाजलेला माणूस म्हणजे लोटस कंपनीचा कॉलिन चॅपमन. १९५७ मध्ये त्याने 'लोटस सेव्हन' आणली. तयार गाडी करासह सुमारे १०३६ पौंडांना, किट सुमारे ५३६ पौंडांना. किटसोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत, अशी अट होती. त्यावर लोटसने गाडी 'सुटी कशी करायची' याच्या सूचना दिल्या, गिऱ्हाइकांनी त्या उलट्या क्रमाने वाचाव्यात म्हणून, हा किस्सा इथे आजही चवीने सांगतात.

गाडी खोक्यांतून येणं मुंबईलाही नवं नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीत गाड्या जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने पुढे कुर्ल्यात तेच केलं. फरक इतकाच, की मुंबईत खोकी कारखान्यात उघडत आणि इंग्लंडमध्ये घरामागच्या गॅरेजात. त्यामुळे कारखान्यातल्या इंजिनिअरने घ्यायचे निर्णय इथे गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडले.

त्यांतले सगळ्यांत अवघड निर्णय वायरिंगचे. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि सेव्हनच्या धाटणीची एक गाडी जोडतोय. आधीच्या मालकाने ती अर्धवट सोडून विकली होती. त्याने जवळपास सगळीकडे एकाच रंगाची वायर वापरली होती, आणि आकृती कुठेच नव्हती. मी सगळं उपसून काढलं आणि दोन सर्किटांपासून नव्याने सुरुवात केली: रेडिएटरचा पंखा आणि पार्किंग लाइट. वरवर पाहता या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोघांनाही एकच प्रश्न विचारावा लागतो: किल्ली काढल्यावर जागं कोण राहणार?

आधी पंखा. जुन्या गाड्यांत तो इंजिनच्या पट्ट्यावरच फिरायचा. इंजिन चालू तोवर पंखा चालू, गरज असो वा नसो. सेव्हनसारख्या गाडीत रेडिएटर पुढे नाकात आणि इंजिन बरंच मागे. शिवाय गाडी पळत असताना समोरचा वारा पुरतो. पंखा लागतो तो सिग्नलला नि ट्रॅफिकमध्ये. म्हणून विजेचा पंखा आला, आणि त्याला 'आता फिर' असं सांगणारं कुणीतरी लागलं.

ते काम रेडिएटरमधला छोटासा थर्मोस्विच करतो. जुन्या पद्धतीच्या स्विचमध्ये दोन वेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी किंवा चकती असते. उष्णतेने एक धातू जास्त फुगतो, पट्टी वाकते, संपर्क जुळतो. ही युक्ती मोटारीपेक्षा कितीतरी जुनी. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने समुद्रावर अचूक वेळ दाखवणारी घड्याळं बनवली. त्यांतल्या तिसऱ्या घड्याळात त्याने पितळ आणि पोलादाची अशी पट्टी वापरली. हवामान बदललं तरी काटा चुकू नये म्हणून शोधलेली गोष्ट आज इंजिन उकळू देत नाही.

पण पंखा दहा-पंधरा अँपिअर ओढतो. एवढा प्रवाह त्या नाजूक स्विचमधून नेला, तर संपर्क जळतात. म्हणून मध्ये रिले लागतो. हे नाव डाकेच्या घोड्यांवरून आलं. डाकचौकीवर थकलेला घोडा बदलून तीच डाक ताज्या घोड्यावर पुढे जायची. तारायंत्राच्या काळात लांब तारेत क्षीण झालेला संदेश ताज्या बॅटरीवर पुढे पाठवणाऱ्या यंत्राला तेच नाव मिळालं. मोटारीतही तसंच: थर्मोस्विचचा बारीक प्रवाह रिलेला जागं करतो आणि पंख्याचा जाड प्रवाह फ्यूजमधून थेट बॅटरीकडून येतो.

साठच्या दशकात हे करणाऱ्यांना आणखी दोन अडचणी होत्या. तेव्हाचा डायनॅमो जेमतेम वीस-बावीस अँपिअर द्यायचा, आणि इंजिन मंद फिरत असताना जवळपास काहीच नाही. म्हणजे रात्री, ट्रॅफिकमध्ये, पंखा आणि दिवे दोन्ही लागतात नेमके तेव्हा सगळा भार बॅटरीवर. दुसरं, बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. पंख्याच्या वायरी नेहमीच्या सवयीने लावल्या, तर तो उलटा फिरायचा. आवाज येतोय, पाती फिरताहेत, पण वारा चुकीच्या दिशेला.

आता पार्किंग लाइट. पंखा इंजिनाला वाचवतो, हा दिवा दुसऱ्यांना आपल्या गाडीपासून वाचवतो. एकेकाळी ब्रिटनमध्ये रात्री रस्त्यावर उभ्या गाडीला दिवा लावून ठेवणं सर्रास बंधनकारक होतं. खिडकीच्या काचेवर अडकवायचे, पुढे पांढरा नि मागे लाल प्रकाश दाखवणारे छोटे दिवे त्यासाठीच मिळायचे. रस्त्यांवर दिवे वाढले, तसा नियम सैल झाला. पण ताशी ३० मैलांहून जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर उभ्या गाडीला तो आजही लागू आहे.

इथे गणित करावं लागतं. पुढचे-मागचे चार पाच-पाच वॉटचे दिवे आणि नंबरप्लेटचा एक, मिळून २५ वॉट. १२ व्होल्टवर सुमारे दोन अँपिअर. ४० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर वीसेक तास टिकेल. प्रत्यक्षात सकाळी गाडी सुरू व्हायला हवी, म्हणून त्याच्या निम्म्याहून कमी धरावेत. जर्मन गाड्यांनी यावर सोपा उपाय काढला: फक्त रस्त्याकडच्या बाजूचे दोन दिवे लावायचे. खर्च निम्म्याहूनही कमी.

मी असं ठरवलं. पार्किंग लाइट किल्लीवर अवलंबून नाहीत. डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळे फ्यूज, म्हणजे एक उडाला तरी गाडी पूर्ण अंधारात जात नाही. पंख्याचं उलटं. इंजिन बंद केल्यावरही काही मिनिटं आतली धग पाण्यात उतरत राहते, म्हणून काही जण पंखा नंतरही चालू ठेवतात. पण माझ्या गाडीत पाण्याचा पंप इंजिनावर चालतो. तो थांबल्यावर पंखा फक्त रेडिएटरमधलं साचलेलं पाणी थंड करेल आणि बॅटरी रिकामी करेल. म्हणून रिले जागा करणारी वायर किल्लीमागून घेतली. रंग जुन्या ब्रिटिश पद्धतीचे: तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, हिरवा म्हणजे किल्ली आणि फ्यूजनंतरचा, लाल पार्किंग लाइटचा, काळा बॉडीचा.

१ एप्रिल १९७३ रोजी ब्रिटनमध्ये व्हॅट आला, पर्चेस टॅक्स गेला आणि किटची करसवलतही गेली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅमला विकले. धंदा तिथेच संपायला हवा होता, पण संपला नाही. १९९८ पासून घरी जोडलेल्या गाड्यांना रस्त्यावर येण्याआधी सरकारी तपासणी सक्तीची झाली, २००९ मध्ये ती आणखी कडक झाली. तरीही लोक गाड्या जोडतात, आणि त्यातून फारसे पैसेही वाचत नाहीत.

मला वाटतं, कराच्या फटीतून लोकांच्या हाती चुकून एक वेगळीच गोष्ट लागली: आपल्या यंत्राचे निर्णय आपण घेण्याची मुभा, आणि त्यांची जबाबदारी. तुमच्या खिशातला फोनही 'बंद' असताना पूर्ण झोपत नाही. त्यातलं काय जागं ठेवायचं, हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं आणि झाकण चिकटवलेलं असतं. मी माझ्या गाडीची आकृती कागदावर काढून, रंगांच्या नावांसह, फ्यूजच्या झाकणाआड ठेवली आहे. गाडी उद्या ज्याच्या हाती जाईल, त्याला काळोख्या रस्त्यावर अंदाज बांधत बसावं लागू नये.