सुभेदारांची पेन्शन

परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांचे नाव निघाले की आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवतात. १९३४ च्या सुमारास दादरच्या 'राजगृहा'त जाईपर्यंत त्यांचे बिऱ्हाड याच चाळीत होते. पण आयुष्याचे अखेरचे दिवस तेथेच काढलेल्या एका वृद्ध पेन्शनर सैनिकाची आठवण फार थोड्यांना होते. आज त्यांच्याविषयी, म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्याविषयी, चार शब्द सांगायचे आहेत.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. त्यांचे वडील मालोजीही फौजेतच होते. ज्या समाजाला गावात पाणवठ्यापाशी उभे राहू देत नसत, त्या समाजातल्या तरुणांना फौजेने अंगावर गणवेश आणि हातात पुस्तक दिले. पलटणीतल्या शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकावेच लागे. रामजी पुण्यात शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन लष्करी शाळेत मास्तर झाले, पुढे मुख्याध्यापक झाले आणि सुभेदार या हुद्द्यापर्यंत चढले. मध्य हिंदुस्थानातल्या महू छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमाबाईंच्या पोटी त्यांचे चौदावे अपत्य जन्मले. तेच भीमराव.

याच सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. पिढ्यान् पिढ्या ज्या दाराने ही माणसे गावकुसाच्या बाहेर पडली, ते दारच लागले. या हुकुमाविरुद्ध सरकारकडे पाठवायचा अर्ज रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून लिहून घेतला, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. अर्जाने काही साधले नाही.

निवृत्तीनंतर रामजी प्रथम दापोलीला आणि तेथून साताऱ्याला आले. साताऱ्यातच भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा जेमतेम पाचसहा वर्षांचे होते. पाठीला बाक असलेल्या मीराबाई आत्याने पोरांना सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत मुलाचे नाव दाखल झाले, तेव्हा रजिस्टरात नोंद झाली 'भिवा रामजी आंबेडकर' अशी. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

पेन्शनवर भागत नव्हते. दुष्काळी कामावर तलाव खोदण्याचे काम सरकारने खटाव तालुक्यात गोरेगाव येथे काढले होते. तेथे रामजींनी खजिनदाराची नोकरी धरली. सुट्टीत मुलांना त्यांनी भेटीला बोलावले. मुले नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून मसूर स्टेशनवर उतरली. पण येत असल्याचे त्यांचे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते, कारण नोकर ते द्यायला विसरला होता. जात कळताच स्टेशनमास्तर दूर सरला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवाला तयार झाला, तोही या अटीवर की बैल मुलांनीच हाकायचे. रात्रभर त्यांना कोणी पाणी दिले नाही. दुसऱ्या दिवशी ती कशीबशी बापापाशी पोहोचली. सुभेदाराचा हुद्दा आणि सरकारी खजिन्याच्या किल्ल्या हाती असलेल्या बापाला पोटच्या पोरांसाठी घोटभर पाणी मिळवता आले नव्हते. बाबासाहेबांनी पुढे हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला.

१९०४ साली कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एकच खोली होती. तिथेच चूल, सरपण, जाते, आणि पायथ्याशी बांधलेली शेळी. दोघांना एका वेळी आडवे होण्यापुरती जागा नव्हती. कीर लिहितात की मुलगा संध्याकाळी लवकर झोपे आणि म्हातारा रात्री दोनपर्यंत जागत बसे. दोन वाजले की मुलाला उठवून दिव्यापाशी अभ्यासाला बसवी आणि मग त्याच्या जागी स्वतः लवंडे. भोंगे होऊन गिरणगाव जागा होईपर्यंत या मुलाचा अर्धा अभ्यास उरकलेला असे.

मुलाला पुस्तकांचे वेड होते आणि बापाला नाही म्हणणे ठाऊक नव्हते. हाताशी पैसे नसले की रामजी मुंबईतच दिलेल्या दोघी मुलींपैकी एकीच्या घरी जात. उसने पैसे नसतील तर तिचा दागिना मागून घेत, तो मारवाड्याकडे ठेवत आणि पुस्तक घेऊन घरी येत. पहिल्या तारखेला पेन्शन झाली की दागिना सोडवून लेकीला परत द्यायचा. या शिक्षणात मंजुळा आणि तुळसा या दोघी बहिणींच्या दागिन्यांचाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही.

रामजी काही साधुपुरुष नव्हते. त्यांनी दुसरे लग्न केले आणि आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून मुलगा चिडला, घर सोडायची भाषा करू लागला. कबीरपंथी रामजींची शिस्त कडक होती. मुलाच्या परीक्षेतल्या यशाबद्दल समाजाने सभा घ्यायचे ठरवले, तेव्हा पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून त्यांनी साफ नकार दिला. शेवटी त्यांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी मन वळवले. त्या सभेत केळुसकरांनी मुलाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. १९५६ साली नागपुरात जे घडले, त्याची एक सुरुवात परळच्या त्या सभेत आहे.

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. काही दिवसांतच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरतला उतरले आणि गाडी चुकली. मुंबईला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींनी डोळे उघडले, मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. म्हाताऱ्याने मुलाचे कोलंबिया पाहिले नाही, लंडन पाहिले नाही.

१९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. बापाचा जो अर्ज फेटाळला गेला होता, तीच मागणी मुलाने लावून धरली होती.

आपल्याकडे मुलाच्या नावात मधोमध बापाचे नाव येते. रोजच्या वापरात ते एका अक्षरापुरते उरते. 'बी. आर. आंबेडकर' या सहीतला 'आर' म्हणजे परळच्या एका खोलीत रात्री दोनपर्यंत जागणारे, पहिल्या तारखेची वाट पाहणारे सुभेदार रामजी.