खडी, ब्रास आणि पोकळी



आज आपण ज्या रस्त्याने या मांडवात आलात, त्या रस्त्याविषयी आम्ही बोलणार आहोत. रस्त्यांचा इतिहास म्हटला म्हणजे राजे, गव्हर्नर आणि इंजिनियर यांची नावे पुढे येतात. आमचा इतिहास जरा खालच्या थरातला आहे. मुरमाच्या, डबराच्या आणि खडीच्या थरातला. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. दगडखाणींतल्या मजुरांची संघटना बांधता बांधता जे वाचले, ऐकले आणि पडताळून पाहिले, तेवढेच आमचे भांडवल. पण त्यातून एक गोष्ट पक्की पटली. खाणीत दगडाइतकाच शब्दही जड असतो. वस्तूला नाव कोण देतो आणि त्या नावाचा अर्थ कोण ठरवतो, यावर मजुराच्या पदरात काय पडते हे अवलंबून असते.

आधी नावेच पाहू. सुरुंगाने सुटलेल्या ओबडधोबड धोंड्याला आपल्याकडे डबर म्हणतात. तो पायात किंवा सोलिंगात जातो. डबर फोडला की खडी. विदर्भात तिलाच गिट्टी म्हणतात. खडीहून बारीक ती कच, आणि शेवटी उरतो तो चुरा. हे सारे शब्द घण, पहार आणि सुतकी हाती धरणाऱ्यांचे आहेत. सरकारी अंदाजपत्रकात मात्र याच खडीचे ‘मेटल’ होते. मेटल म्हणजे धातू, असे आपण शाळेत शिकतो. मग दगडाला धातू का म्हणावे? याचे उत्तर असे, की ज्या ग्रीक शब्दापासून हा शब्द आला, त्याचा अर्थच मुळी खाण असा होता. रोमन कायद्यात गुन्हेगाराला ‘खाणीत धाडणे’ ही एक भयंकर शिक्षा होती आणि तिथेही हाच शब्द होता. म्हणजे कागदावर ‘मेटल’ असे निर्विकारपणे लिहिणारा कारकून नकळत त्या कैद्यांचीच आठवण जागवत असतो.

कधी कधी मजुराचा शब्द विद्वानांच्या पुस्तकातही जातो. पण तो कपडे बदलून जातो. कोकणातला जांभा आपणा सर्वांना माहीत आहे. चिरेखाणीत तो मऊ असताना कापायचा आणि उन्हावाऱ्यात कठीण होऊ द्यायचा. मलबारात असाच दगड फ्रान्सिस बुकानन या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्याने पाहिला. तिथले लोक त्याला आपल्या भाषेत ‘विटेचा दगड’ म्हणत. बुकाननने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचे नाव ‘लॅटराइट’ असे सुचवले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट! आज जगभरचे भूशास्त्रज्ञ हा शब्द वापरतात. त्यात मलबारातल्या दगड कापणाऱ्यांचा वाटा किती, हे सहसा कोणी विचारीत नाही.

नावाचा दुसरा मासला मॅकॅडमचा. जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) हा स्कॉटलंडचा गृहस्थ. १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांची देखरेख त्याच्याकडे आली. खाली मोठमोठे धोंडे रचण्याची गरज नाही. जमीन कोरडी ठेवा, वर कोनदार, लहान, सारख्या आकाराच्या दगडांचा थर द्या, चाकांच्या भाराने ते एकमेकांत घट्ट बसतील, हा त्याचा सिद्धान्त. सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून, जड दगड त्याला चालत नसे. युक्ती उत्तमच होती. तिची थोरवी आम्ही कमी करू इच्छीत नाही. पण तिची दुसरी बाजूही पाहावी. दगड लहान फोडायचा म्हटल्यावर हातोडीही लहान झाली, आणि बसून करायचे हे काम बायका, मुले व म्हातारी माणसे यांच्याकडे स्वस्तात देता आले. पुढे १९०२ मध्ये इंग्लंडातल्या हूली नावाच्या इंजिनियरने डांबर मिसळलेल्या दगडाचे पेटंट घेतले आणि ‘टारमॅक’ हा शब्द रूढ झाला. मॅकॅडमचे अर्धे नाव त्यात आजही शिल्लक आहे. दगड फोडणाऱ्या बाईचे पाव नावही कोणत्या शब्दात नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. दख्खनमध्ये खडी फोडणे आणि दुष्काळ यांची जोडी जुनी आहे. पीक बुडाले की सरकारने रस्ते, तलाव यांची कामे काढावीत आणि भुकेल्यांनी तिथे जावे, ही रीत इंग्रजी अमदानीत पडली. १८७६–७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार जानेवारी १८७७ मध्ये मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, इतकी खाली आणली गेली. त्यावर दख्खनमधल्या हजारो माणसांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कड घेतली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या त्या १८८४ मध्ये. त्याच्या सात वर्षे आधी उपाशी खडीवाल्यांनी आणि मातीवाल्यांनी हत्यार खाली ठेवले होते, हे आपण विसरू नये.

१९७२ चा दुष्काळ तर आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढचा आहे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. आमची आई त्यांतलीच एक. आम्ही तेव्हा खडीच्या ढिगाशेजारी फडक्याच्या सावलीत पडलेले पोर होतो. सुकडीची चव आम्हांला आठवते की आईने सांगून सांगून ती आठवण झाली, हे आज सांगता येणार नाही. याच अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

आता ‘ब्रास’ या शब्दाकडे येऊ, कारण खरी लढाई तिथे असते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच असा खडीचा चट्टा लावला की एक ब्रास भरला. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका खाणीवर आम्ही हजेरीचे आणि मापाचे कागद पाहत होतो. दर ब्रासमागे दहा घनफूट ‘वजा पोकळी’ म्हणून कापलेले होते. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंना आम्ही त्याचा अर्थ समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, “भाऊ, दगड आम्ही फोडला. पोकळी कुणी फोडली, म्हणून तिचे पैसे कापतात?”

आम्ही त्या रात्री इंजिनियरिंगची पुस्तके काढून बसलो. ढिगात दगडादगडांमध्ये मोकळी जागा राहायचीच. सैल खडीत ती चाळीस ते पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत असते. दर भरीव दगडाचा ठरला असेल, तर पोकळी वजा करणे रास्त. पण मग तो दरही तसाच चढा हवा. दर चट्ट्याचा असेल, तर पोकळी धरूनच तो ठरलेला असतो. तिथे दर चट्ट्याचा होता आणि कपात भरीव दगडाची! आम्ही एकच प्रश्न लेखी विचारला : दर कशाचा? त्याचे उत्तर लेखी देणे ठेकेदाराला जड गेले. कपात थांबली. मागची कापलेली रक्कम मात्र बुडाली ती बुडालीच.

एका शब्दाने केवढा फरक पडतो, याचे मोठे उदाहरण दिल्लीजवळच्या फरिदाबादचे आहे. तिथल्या दगडखाणींतल्या वेठबिगारांविषयी सर्वोच्च न्यायालयाकडे एक पत्र गेले आणि न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. त्यात एक मुद्दा असा होता, की १९५२ च्या खाण कायद्यातली ‘खाण’ म्हणजे काय? उघड्यावरची दगडाची खाण तिच्यात येते की नाही? डिसेंबर १९८३ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी ती येते, असे सांगितले. म्हणजेच पिण्याचे पाणी, औषधोपचार, संडास यांवर त्या मजुरांचा कायद्याने हक्क आहे, हे स्पष्ट झाले. तहानलेल्या माणसाचे पाणी शब्दाच्या अर्थापाशी अडकले होते.

आणि आजही एक शब्द अडून बसलेला आहे. वालुकाश्माच्या आणि गारगोटीच्या खाणींत, क्रशरवर, सिलिकेची धूळ छातीत बसते आणि माणूस खोकून खोकून झिजतो. चिठ्ठीवर डॉक्टरने ‘क्षय’ लिहिले, तर ते त्याचे नशीब ठरते. ‘सिलिकोसिस’ लिहिले, तर तो कामामुळे जडलेला रोग ठरतो आणि भरपाईची वाट उघडते. रोगी तोच, छाती तीच.

म्हणून आपल्यातल्या डॉक्टरांना, वकिलांना, इंजिनियरांना आणि शिक्षकांना आमची विनंती आहे. आपण शब्दांचे धनी आहात. मजुराच्या कागदावर शब्द लिहिताना तो नीट तोलून लिहा, आणि त्याने अर्थ विचारला तर बसून सांगा. त्या वृद्ध बाईंना वाचता येत नव्हते. पण प्रश्न कुठे विचारायचा, हे त्यांना आमच्याआधी कळले होते.