हौशी माणसाची शर्यतीची मोटार



संतवाङ्मय, अर्थकारण आणि पाणीप्रश्न यांच्या पंगतीत मोटारीच्या शर्यतीचे पान मांडलेले पाहून काही मंडळींना हसू आले असेल. हा श्रीमंतांचा खेळ. त्याचा नांदेड-लातूरशी संबंध काय, ही शंका साहजिक आहे. परंतु मी बोलणार आहे ती शर्यत राजेरजवाड्यांची नव्हे. आठवडाभर नोकरी करायची, रात्री घरामागच्या छपरात दिवा लावून जुन्या लहान मोटारीचे पोट उघडून बसायचे, आणि रविवारी ती मोटार मैदानावर नेऊन आपल्यासारख्याच दहा-वीस हौशी लोकांबरोबर पळवायची, अशा माणसांचा हा इतिहास आहे. त्याचे मर्म कळायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

कंधारचा लाल कंधारी आणि देवणीचा देवणी हे दोन नामांकित गोवंश आपल्याच दोन जिल्ह्यांतले. शंकरपट ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक आहे की पटातली गाडी म्हणजे कडब्याची गाडी नव्हे. ओझ्याच्या गाडीचे लाकूड जाड, चाके जड, साटा लांबरुंद. पटाच्या गाडीतून जे जे काढता येईल ते ते काढलेले असते. हाकणाऱ्याला टेकण्यापुरती जागा उरते, इतकेच. बैलाची ताकद एका रात्रीत वाढत नाही, गाडीचे वजन मात्र एका दुपारीत कमी करता येते. (बैलाला तक्रार करता येत नाही म्हणून या खेळात कायद्याला पडावे लागले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. मोटारीच्या गोष्टीतही कायदा पुढे येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.)

आता मोटारीकडे वळू. १९२२ साली इंग्लंडात हर्बर्ट ऑस्टिन या कारखानदाराने एक चिमुकली मोटार बाजारात आणली. तिचे नकाशे त्याने स्टॅन्ली एज नावाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या पोराकडून आपल्या घरी, बिलियर्डच्या टेबलावर काढून घेतले होते. ‘ऑस्टिन सेव्हन’ तिचे नाव. इंजिन पाऊण लिटरच्या आतले, शक्ती जेमतेम दहा-बारा घोड्यांची, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. साइडकार लावलेल्या मोटारसायकलीवर बायकोपोरे कोंबून फिरणाऱ्या मध्यमवर्गीयाला चार चाकांवर बसवावे एवढाच ऑस्टिनचा हेतू होता. १९३९ पर्यंत अशा जवळजवळ तीन लाख मोटारी निघाल्या. जर्मनीतल्या बी.एम.डब्ल्यू. या आज बड्या गणल्या जाणाऱ्या कंपनीची पहिली मोटार तरी कोणती? परवान्यावर बनविलेली हीच ऑस्टिन.

तीन लाख मोटारी रस्त्यावर आल्या म्हणजे पंधरा-वीस वर्षांनी तेवढ्याच भंगारात येणार, हे उघड आहे. या भंगारातून हौशी शर्यत जन्माला आली. १९३९ साली स्थापन झालेल्या ‘७५० मोटर क्लब’ने युद्धानंतर ऑस्टिन सेव्हनच्या मोटारींसाठी शर्यतीचे नियम केले. नियमांचा रोख असा की पैशाच्या जोरावर कोणी पुढे जाऊ नये. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. या मंडळींची हौस शिलिंग-शिलिंग मोजून चाले.

अशा मोटारीत काय काय करीत? पहिले काम वजा करण्याचे. मडगार्ड, टप, मागचे आसन, जड पत्र्याचा सांगाडा, सर्व खाली उतरवायचे. हिशेब सोपा आहे. साडेतीनशे किलोच्या मोटारीला दहा अश्वशक्तीचे इंजिन असेल तर प्रत्येक घोड्याच्या वाट्याला पस्तीस किलो येतात. सत्तर किलो काढून टाकले तर अठ्ठावीस येतात. इंजिनाची शक्ती साडेबारा केली असती तर जो लाभ झाला असता तोच पान्याने चार बोल्ट सोडवून झाला, आणि वळणावर व थांबताना झाला तो निराळा.

त्यानंतर थांबविण्याची व्यवस्था, असे शहाणे लोक करीत. ऑस्टिन सेव्हनचे ब्रेक बदनाम होते. १९३० पर्यंत पायाने दाबला तर मागची चाके थांबत आणि हाताने ओढला तर पुढची. दोहोंचा एकमेकांशी संबंध नव्हता! मग मोटार जमिनीलगत आणायची, पाटे ताठ करायचे, आणि पुढचा अखंड आस मध्ये कापून दोन तुकडे बिजागरीने जोडायचे, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याला धक्का पोहोचत नाही. इंजिनाला हात सर्वांत शेवटी. सिलिंडरचे झाकण थोडे घासले की वायूला जागा कमी उरते, तो अधिक दाबला जातो आणि स्फोट जोरकस होतो. झडपांच्या वाटा कानशीने गुळगुळीत करायच्या, कार्बुरेटर मोठा लावायचा. मात्र या इंजिनाचा मुख्य दांडा दोनच ठिकाणी टेकलेला होता. फार वेगाने फिरविला की तो मधोमध लवू लागे. किती मागायचे आणि कुठे थांबायचे हे इंजिनच शिकवी.

आता एका माणसाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. कॉलिन चॅपमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकाम अभियांत्रिकी शिकत होता आणि फावल्या वेळात जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करी. १९४७ च्या अखेरीस सरकारने खाजगी मोटारींचे पेट्रोलचे रेशन बंद केले, धंदा बसला, आणि एक न विकलेली ऑस्टिन सेव्हन त्याच्या गळ्यात राहिली. पुढे त्याची पत्नी झालेल्या हेझल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात त्याने १९४८ साली ती मोटार उघडली आणि विमानांत वापरतात तसे पत्रा चिकटविलेले प्लायवुड घेऊन तिला नवे अंग दिले. हे त्याचे पहिले वाहन.

१९४८ साल ऐकले की मराठवाड्याच्या माणसाला दुसरे काही आठवायचे कारण नाही. १७ सप्टेंबरला निजामी राजवट संपली. त्यानंतर पंधरा दिवसांनी, २ ऑक्टोबरला, इंग्लंडात सिल्व्हरस्टोन येथे युद्धातल्या बाँबफेकी विमानांच्या ओस पडलेल्या धावपट्टीवर मोटारींची मोठी शर्यत झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी कसलाच संबंध नाही. परंतु युद्ध संपल्यावर ज्याच्या हाती जे उरले होते त्यातूनच त्याने आपला खेळ मांडला, एवढे त्यातून दिसते. इंग्लंडात धावपट्ट्या उरल्या होत्या. हौशी माणसाला शर्यतीचा रस्ता फुकट बांधून मिळाला.

१९५१ च्या मोटारीत चॅपमनने एक युक्ती केली. ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडर, पण इंधनमिश्रित हवा आत येण्याच्या वाटा दोनच. एकेका वाटेवर दोन-दोन सिलिंडर. दोन वावरांना मिळून एकच पाट असला आणि पाळ्या लागोपाठ आल्या की काय होते ते कालव्याखालच्या शेतकऱ्याला सांगायला नको. पहिला शेतकरी पाणी ओढून घेतो, दुसऱ्याच्या सरीत ओल तेवढी येते. चॅपमनने त्या वाटेत मधोमध पत्र्याचा पडदा घालून एका पाटाचे दोन केले. सर्व सिलिंडरांना पोटभर मिळू लागले आणि त्याची मोटार इतरांच्या फार पुढे पळू लागली. नियमांत पडदा घालू नये असे कोठेच लिहिलेले नव्हते! क्लबने पुढे ते लिहिले. मला या प्रसंगात चॅपमनच्या बुद्धीपेक्षा क्लबचे वर्तन अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांनी त्याला चोर ठरविले नाही. त्याची युक्ती मान्य केली आणि दार बंद केले.

हेझलकडून पंचवीस पौंड उसने घेऊन चॅपमनने १९५२ साली ‘लोटस’ कंपनी काढली. नव्या तयार मोटारीवर त्या काळी इंग्लंडात जबर खरेदी-कर असे, सुट्या भागांवर तो नसे. म्हणून लोटसची मोटार पेटीत भागाभागांनी विकत आणि गिऱ्हाईक ती घरी जोडी. १९५७ ची ‘लोटस सेव्हन’ अशीच खपली. १९७३ पासून ती केटरहॅम या कंपनीकडे गेली. १९६३ आणि १९६५ साली जिम क्लार्कने लोटसमधूनच जगज्जेतेपद मिळविले.

परंतु हलकेपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७० साली इटलीतल्या मोंझा येथे योखेन रिंट हा चालक लोटस मोटारीत मरण पावला. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटल्याचे आढळले. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. अभ्यासूंनी चॅपमनचे गुणगान करताना हा दांडाही लक्षात ठेवावा. जे काढून टाकले ते खरोखर अनावश्यक होते काय, हा प्रश्न मोटारीबाहेर बसलेल्याने विचारणे निराळे आणि आत बसलेल्याने विचारणे निराळे.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्याकडे अशी मंडळी का निपजली नाहीत? बुद्धी कमी होती, असे उत्तर देणाऱ्याने आपल्या गावातल्या एखाद्या मिस्त्रीच्या दुकानात एक दिवस बसून पाहावे. निजामाच्या राज्यात जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने २७ बसगाड्या घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली, तेव्हापासून यंत्राला हात लावणारे लोक या भागात आहेत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. पण १९५४ च्या सुमारास सरकारी धोरणामुळे फोर्ड आणि जनरल मोटर्स मुंबईतला गाशा गुंडाळून गेल्या, आयातीवर निर्बंध आले, आणि नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याचे दिवस आले. ज्या देशात नवी मोटार मिळत नाही तेथे जुनी मोटार भंगारात जात नाही. इंग्लंडातल्या पोराच्या हाती ऑस्टिन आली ती टाकाऊ म्हणून. आपल्याकडची वीस वर्षांची फियाट ही घरातली मिळकत होती. तिचे मडगार्ड कोण उतरविणार? आपल्या मिस्त्रीची सारी प्रतिभा न मिळणारा भाग लेथवर घडवून मोटार आणखी दहा वर्षे चालू ठेवण्यात खर्च झाली. हात तेच, त्यांना मिळालेले काम निराळे.

तरीही खेळ अगदीच झाला नाही असे नाही. मद्रासजवळ शोलावरम येथे युद्धकाळातलीच धावपट्टी होती. १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि तेथे दीर्घकाळ शर्यती झाल्या. आपल्या फियाट आणि हेरल्ड मोटारी घरगुती सुधारणा करून लोक तेथे नेत. १९८२ च्या सुमारास बंगळूरला निघालेली ‘डॉल्फिन’ बाजारात फारशी चालली नाही, पण तिचे अंग फायबरग्लासचे, म्हणजे हलके, असल्यामुळे शर्यतवाल्यांनी ती उचलली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी तिचे इंजिन घेऊन एका माणसाची शर्यतीची गाडी बनविली आणि १९८८ पासून ‘फॉर्म्युला मारुती’ सुरू झाली. हे आपले ऑस्टिन सेव्हन. १९९५ साली विमान अपघातात करिवर्धन गेले. त्यांच्या या लहानग्या गाड्यांतून शर्यतीचे पहिले धडे घेतलेला नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरला.

आता तो कायदा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की निर्मात्याने ठरविलेल्या मूळ घडणीशी विसंगत होईल असा बदल रस्त्यावरच्या वाहनात करता येत नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो. सायलेन्सर कापून रात्री अकराला गल्लीतून मोटारसायकल पिटाळणाऱ्या मुलाला मी हौशी शर्यतवाला मानायला तयार नाही. परंतु त्याच मुलाने उद्या विचारले की मग मी हे कोठे करू, तर आपण काय सांगणार? शर्यतीचे रस्ते मुख्यतः मद्रासजवळ आणि कोइमतूरला. महाराष्ट्रात कोल्हापूरजवळ आहे तो लहान कार्टगाड्यांचा. नांदेडहून शर्यतीची मोटार ट्रकवर घालून मद्रासला न्यायची म्हटली तर मोटारीपेक्षा प्रवासच महाग पडायचा.

एक वाट मात्र आपल्या गावांतून निघते. नांदेडला १९८१ पासून आणि लातूरला त्याच दशकापासून अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. देशभरच्या अशा विद्यार्थ्यांसाठी २००७ साली मध्यप्रदेशात पीथमपूर येथे ‘बाहा’ नावाची स्पर्धा सुरू झाली. मुलांनी स्वतः नळ्या जोडून एका माणसाची गाडी बनवायची, ती खाचखळग्यांतून पळवायची. इंजिन सर्वांना एकच, आणि त्याला हात लावायची मनाई. म्हणजे जे कमवायचे ते वजनात, गिअरमध्ये आणि चाकांच्या बांधणीत. पंचवीस पौंडवाल्या पोराला यातला प्रत्येक नियम ओळखीचा वाटला असता. स्पर्धेच्या आधी परीक्षक गाडी पळवायला लावतात आणि एकदम ब्रेक दाबायला सांगतात. चारही चाके एकाच वेळी जखडली नाहीत तर गाडी पुन्हा तंबूत पाठवितात, आणि मुले पाना घेऊन तिच्याखाली शिरतात.