परीच्या मालिकेमागचा इतिहास, आणि माझी वेताळाची गोष्ट

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

सुट्टीत भाची आली होती. अकरावीत आहे. तीन दिवस सलग मोबाईलवर काहीतरी चिनी बघत होती. शेवटी न राहवून म्हटलं, "अगं, गलवान विसरलीस का?" तिने मान वर न करता उत्तर दिलं, "मामा, तू पेपरवाला ना? मग बघून बोल की."

लागलं ते. न बघता, न वाचता बोलू नये हे मी स्वतःच इथे पन्नास वेळा लिहिलंय. म्हणून बघायला बसलो आणि सगळे 36 भाग संपवले. रात्री दीड-दीड वाजले. बायको हसायची, "निवडणुकीच्या निकालालासुद्धा एवढं जागला नाहीत."

मालिकेचं नाव 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल'. चिनी नाव 'त्सांग लान ज्युए'. ज्यूलू फेइश्यांग या लेखिकेच्या कादंबरीवरून केलेली, ऑगस्ट 2022 मध्ये तिकडच्या 'आयचीयी' या व्यासपीठावर आली. नायिका यू शूशिन, नायक डिलन वांग.

गोष्ट थोडक्यात सांगतो. श्याओ लानहुआ, म्हणजे छोटी ऑर्किड, ही स्वर्गातली अगदी खालच्या दर्जाची परी. काम काय, तर माणसांच्या नशिबाच्या चोपड्या सांभाळायच्या, फाटल्या तर दुरुस्त करायच्या. सरळ सांगायचं तर रेकॉर्ड रूममधली कारकून. स्वर्गात परीक्षा देऊन वरची जागा मिळवायचं तिचं स्वप्न. (आपल्याकडे एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरांना ही पोरगी लगेच आपली वाटेल.) आणि तीस हजार वर्षं एका मनोऱ्यात कैद असलेला चंद्रवंशाचा राजा दोंगफांग छिंगत्सांग. ह्याच्या बापाने लहानपणीच त्याच्या सगळ्या भावना काढून टाकलेल्या, कारण भावना नसलेला माणूसच अजिंक्य योद्धा होतो असा हिशोब. परीच्या हातून चुकून हा राजा सुटतो. दोघांच्या देहांची अदलाबदल होते, आणि वर एक शाप बसतो : तिला जे दुखेल ते त्याला दुखेल.

ह्या एका कल्पनेवर अर्धी मालिका धावते. तिला कुणी ढकललं की ह्याला लागतं. ती रडायला लागली की ह्याच्या छातीत कळ. मग हा तिन्ही लोकांना कापायला लावणारा राजा तिच्यामागे छत्री धरल्यासारखा फिरतो. प्रेमाने नाही हो, स्वतःला त्रास नको म्हणून! पहिले दहा-बारा भाग मी अक्षरशः पोट धरून हसलो.

पण हसता हसता डोक्यात आलं, की हा विनोद साधा नाही. राज्यातल्या सगळ्यात खालच्या कारकुनाला लागलेली ठेच सगळ्यात वरच्या माणसाला जाणवली पाहिजे. मागणी राजकीय आहे, फक्त परीकथेचे कपडे घालून आलीय. मग मी आमच्या धंद्याच्या सवयीप्रमाणे मागे मागे जात राहिलो. हाताला जे लागलं ते सांगतो.

नशिबाच्या चोपड्या ठेवणारा देव चीनमध्ये जुना आहे. त्याला 'सीमिंग' म्हणतात. इसवी सनापूर्वीच्या छू राज्यातल्या, छ्यू युआन या कवीच्या नावाशी जोडल्या गेलेल्या गीतांमध्ये तो येतो. आणि चिनी स्वर्ग हा पूर्वीपासून दरबारासारखाच रचलेला : सम्राट, मंत्री, दप्तर, बढती, बदली, शिक्षा. पृथ्वीवर जी नोकरशाही, तीच वर. तिकडे राजदरबाराच्या परीक्षा तेराशे वर्षांच्या आसपास चालल्या, 1905 साली बंद झाल्या. स्वर्गातही परीक्षा असणार यात मग नवल काय?

यातून चिनी लेखकांना एक सोय मिळाली. खालच्या साहेबाला बोलता येत नसेल तर वरच्या साहेबाला बोलायचं. सतराव्या शतकात फू सोंगलिंग नावाचा माणूस होऊन गेला. आयुष्यभर परीक्षा देत राहिला आणि वरच्या परीक्षेत नापासच होत राहिला. त्याने कोल्ह्यांच्या, भुतांच्या, पऱ्यांच्या जवळजवळ पाचशे गोष्टी लिहिल्या. त्यातली एक रातकिड्याची. दरबाराला झुंजीचे रातकिडे हवेत म्हणून गावागावावर वसुली लागते. एका गरिबाच्या पोराच्या हातून तो किडा मरतो, भीतीने पोरगा विहिरीत उडी घेतो, आणि मग त्याचाच जीव किडा होऊन दरबारात झुंजतो. वाचायला चमत्कार, आत पाहिलं तर वसुलीची बातमी.

म्हणूनच चीनच्या सत्तेने भुताखेतांना कधी हलकं घेतलं नाही. 1928 साली शांघायमध्ये 'लाल कमळाच्या मठाची होळी' या नावाचा चमत्कारी तलवारबाजीचा मूकपट आला आणि इतका चालला की 1931 पर्यंत त्याचे 18 भाग निघाले. मग तेव्हाच्या राष्ट्रवादी सरकारने त्यावर बंदी घातली. कारण दिलं अंधश्रद्धेचं. पुढे कम्युनिस्ट आले. त्यांचं आणि राष्ट्रवाद्यांचं उभं वैर, पण ह्या एका बाबतीत दोघांचं जमलं. 1961 साली 'ली हुइन्यांग' हे नाटक आलं. दुष्ट मंत्र्याने मारलेल्या एका बाईचं भूत त्याच्यावर सूड उगवतं, एवढीच गोष्ट. 1963 मध्ये भुतांच्या नाटकांवरच बंदी आली, आणि नाटककार मंग छाओ यांचा पुढे सांस्कृतिक क्रांतीत छळ झाला. सत्तेवर बसलेल्या माणसाला भूत बरोबर ओळखू येतं.

ती क्रांती ओसरल्यावर दार पुन्हा किलकिलं झालं. 1986 मध्ये सरकारी वाहिनीवर 'पश्चिमेची यात्रा' आली, माकडराजा सुन वुखोंगची. आपल्याकडे 'रामायण' यायच्या थोडं आधी. ज्या भिक्षूच्या प्रवासावरून ती कहाणी वाढली तो युआनच्वांग, आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्युएनत्संग, सातव्या शतकात पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलेला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, अशा अर्थाचं लिहून गेलाय. (दुसरा भाग अजून लागू आहे, कमेंट बॉक्स बघा.)

पुढे 1995 साली तैवानमध्ये एक व्हिडिओ गेम निघाला, त्यावरून 2005 मध्ये 'चायनीज पॅलाडिन' ही मालिका झाली, आणि पऱ्या, तलवारी, उडणारे साधू, तीन-तीन जन्मांचं प्रेम अशा मालिकांची लाटच आली. 2017 मधली दहा मैल पीचच्या फुलांची मालिका 58 भागांची, 2018 ची 'ॲशेस ऑफ लव्ह' 63 भागांची. नुसतं पाणी घालणं. 2020 च्या सुरुवातीला तिथल्या नियंत्रकांनी सांगितलं, 40 च्या वर जाऊ नका. आपली मालिका 36 मध्ये संपते ती अशी. सेन्सॉरने प्रेक्षकावर केलेला हा एक उपकार मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

पण त्याच खात्याने 2011 मध्ये काळात मागे जाणाऱ्या मालिकांवर डोळे वटारले होते, इतिहासाशी खेळ होतो म्हणून. 2021 मध्ये 'बायकी' दिसणारे नट पडद्यावर नकोत असा फतवा काढला. म्हणजे इतिहास दाखवायचा तर जपून, वर्तमान दाखवायचं तर त्याहून जपून. मग उरलं काय? स्वर्ग. पऱ्यांचा धंदा तिकडे एवढा का फोफावला, याचं निदान एक कारण मला यात दिसतं.

आता एक गंमत, आपल्या कामाची. मालिकेत राजाची कैद ज्या मनोऱ्यात, त्याला चिनीत 'ता' म्हणतात. हा शब्द आपल्या 'स्तूपा'वरून गेलेला. राजाजवळ जी भयंकर आग आहे तिचं नाव 'कर्माची आग'. अशा मालिकांत देवांना जी संकटं भोगावी लागतात ती 'ज्ये', म्हणजे आपला 'कल्प'. क्षणाला 'छाना', म्हणजे 'क्षण'च. मूळ कादंबरीत नायक 'मो'चा राजा आहे, आणि हा 'मो' म्हणजे बुद्धाला मोहात पाडायला आलेला 'मार'. पडद्यावर आणताना त्याचा चंद्रवंश केला. बौद्ध ग्रंथांबरोबर हे शब्द दीड-दोन हजार वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि आता मोबाईलवरून परत घरी आलेत. भाचीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे अर्धी मालिका आपलीच की!" अर्धी नाही गं बाई, पण चार शब्द नक्की.

गलवानचा प्रश्न खरा आहे, तो मी टाळत नाही. जून 2020 मध्ये आपले वीस जवान गेले. त्यानंतर सरकारने चिनी ॲपवर बंदी आणली, नोव्हेंबरच्या यादीत तर अशा मालिका दाखवणारी 'वीटीव्ही' आणि 'मँगो टीव्ही'सुद्धा होती. त्या निर्णयावर मला वाद घालायचा नाही. पण शेजाऱ्याशी भांडण असेल तर त्याच्या घरात काय चाललंय हे जास्त कळायला हवं, कमी नाही. चिनी माणूस कशाला हसतो, कशाला घाबरतो, हे परराष्ट्र खात्याच्या पत्रकातून कळत नाही. थोडंफार अशा गोष्टींतून कळतं.

आता दोष. कौतुक फार झालं.

पहिला, नायिका. ती बावीस वर्षांच्या बाईसारखी न बोलता सहा वर्षांच्या मुलीसारखी लाडात बोलते. सुरुवातीला गोड वाटतं, आठव्या भागाला दात शिवशिवतात. बाई निरागस दाखवायची म्हणजे बाळ दाखवायची, हा रोग आपल्या मालिकांनाही आहे. न्याय म्हणून एवढं सांगतो, की पुढे तिच्यावर जबाबदारी येते तेव्हा तीच नटी छान सावरते.

दुसरा दोष मोठा. दोन वंशांचं हजारो वर्षांचं युद्ध, पण त्यात मेलेली साधी माणसं कुठेच नाहीत. माणसांचं जग आहे ते बाजारहाट करायला आणि रुसवेफुगवे काढायला. निर्णय घेणारे कोण? राजे, सेनापती, देवी. म्हणजे खालच्या कारकुनाच्या वेदनेवर सुरू झालेली गोष्ट शेवटी वरच्यांच्या घरगुती प्रश्नावर येते. त्यात आपली छोटी परीसुद्धा मुळात एका थोर देवकुळातली निघते. झालं! कारकून कारकूनच राहून मोठी झाली असती तर काय बिघडलं असतं?

तिसरा दोष मला सगळ्यात जास्त खुपला. स्वर्गातले देव किती ढोंगी आणि 'राक्षस' किती माणसाळलेले, हे मालिका आधी धीटपणे दाखवते. मग शेवटाकडे एक निराकार दुष्ट शक्ती येते आणि सगळं पाप तिच्या डोक्यावर जातं. कुणाला माफी मागायला नको, कुणाचा हिशोब नको. फू सोंगलिंगच्या रातकिड्याने वसुली करणाऱ्याचं नाव सांगितलं होतं. इथे वसुली करणारा म्हणजे नुसता काळा धूर.

हे मला का खुपलं, ते सांगून थांबतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका साप्ताहिकात छोटं सदर लिहायचो. गावातल्या टँकरच्या खेपांवर लिहिलं, दोनदा. बंदी वगैरे काही आली नाही. संपादकांनी बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "जरा हलकंफुलकं घ्या ना." मी घेतलं. चावडीवरचा वेताळ आणला, त्याच्या तोंडून बोलायला लागलो. सुरुवातीला वेताळ टँकर मोजायचा. लोक हसायचे आणि त्यांना कळायचंही. मग हळूहळू वेताळ पाऊस, पोहे, क्रिकेट यावर बोलायला लागला. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच सरकत गेलो. एक दिवस एक म्हातारे वाचक भेटले, म्हणाले, "वेताळ छान आहे तुमचा, पण टँकर कुठं गेला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यामुळे त्या चिनी लेखकांवर मी फार रागावू शकत नाही. त्यांच्या डोक्यावर खरी कात्री आहे, माझ्यावर नुसता चहाचा कप होता. तरी त्यांनी राजाला परीचं दुखणं दुखायला लावलं, एवढं करून दाखवलं. मालिका बघा. हसा, मनापासून हसा. फक्त शेवटी त्या म्हाताऱ्यांचा प्रश्न स्वतःला विचारा.

भाचीला हा मजकूर पाठवला होता. तिचं उत्तर आलं : "मामा, छान. पण तो वेताळ परत आण. आणि ह्या वेळी टँकर मोजायला लाव."

बघतो.