विसराळू सर्व्हर आणि फाइलचे कुलूप

देशातील अनेक प्रयोगशाळांच्या संगणक-क्लस्टरमध्ये संशोधकांच्या फाइली एनएफएस, म्हणजेच नेटवर्क फाइल सिस्टिम, या पद्धतीने सर्व यंत्रांना उपलब्ध होतात. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने ती १९८०च्या दशकाच्या मध्यास सादर केली. (कंपनीच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा.)

तिचे मूळ सूत्र धाडसी होते: सर्व्हरने कोणत्याही क्लायंटविषयी काहीही लक्षात ठेवायचे नाही. सर्व्हर कोसळला तर क्लायंट उत्तर मिळेपर्यंत तीच विनंती पुन्हा पाठवीत राहतो, आणि सर्व्हर उठताच काम पुढे चालू होते. रचना म्हणून हे आजही मोहक वाटते.

परंतु फाइलवरचे लॉक म्हणजे स्मरणच. कोणी कोणता भाग अडवून ठेवला आहे, हे कुणाला तरी आठवावेच लागते. म्हणून लॉकचे काम मूळ प्रोटोकॉलच्या बाहेर, लॉकडी आणि स्टॅटडी या दोन वेगळ्या प्रोग्रॅमकडे गेले. लॉक घेणाऱ्या क्लायंटची यादी स्टॅटडी डिस्कवर ठेवी. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की त्या सर्वांना निरोप जाई आणि ते आपापली लॉक परत मागत. तोवर काही काळ नवे लॉक कोणालाही मिळत नसे. हाच ग्रेस पिरियड. क्लायंटच कायमचा बंद पडला, तर त्याचे लॉक मात्र तसेच अडकून राही.

एकाऐवजी अनेक सर्व्हर आल्यावर खरी अडचण उघड झाली. समजा, तीन सर्व्हर एकच साठवण वाटून घेत आहेत. पहिला बंद पडतो आणि त्याचा नेटवर्क पत्ता दुसऱ्याकडे जातो. दुसरा व तिसरा तर बंद पडलेच नव्हते; मग स्वतःच्या हिशेबाने त्यांनी ग्रेस पिरियड का पाळावा? पहिल्याचा क्लायंट आपले लॉक परत मागण्याआधीच तिसरा सर्व्हर तेच लॉक भलत्याच क्लायंटला देऊन टाकतो. दोघेही निर्धास्तपणे एकाच फाइलमध्ये लिहितात. त्रुटीचा संदेश येत नाही, आणि अनेक दिवसांच्या गणनेचे आकडे गुपचूप बिघडतात. सर्व्हर सरळ कोसळणे यापेक्षा कितीतरी बरे.

केरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी १९८९ मध्ये मुदतीच्या हक्काची, म्हणजे 'लीज'ची कल्पना मांडली होती. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने (२०००, सुधारित मानक २००३) लॉक मूळ प्रोटोकॉलमध्ये घेतले आणि त्याला लीजची मुदत जोडली. लिनक्सच्या सर्व्हरमध्ये ती सहसा ९० सेकंद असते. क्लायंटने नूतनीकरण केले नाही, की त्याचा हक्क संपतो. अडकलेल्या लॉकचा प्रश्न यामुळे सुटला. क्लस्टरचा सुटला नाही. मुदत किती हे ठरले, तरी सर्व सर्व्हरांनी एकाच वेळी थांबायचे कसे, हे ठरायचेच होते.

ग्लस्टर या क्लस्टर-साठवण प्रणालीच्या विकासाचे बरेचसे काम बंगळुरूत झाले; २०११ मध्ये रेड हॅटने ती कंपनी विकत घेतली. ग्लस्टरचा स्वतःचा एनएफएस सर्व्हर तिसऱ्या आवृत्तीपुरताच होता. पुढे त्याची जागा फ्रान्सच्या अणुऊर्जा संस्थेत जन्मलेल्या आणि तरीही 'गणेशा' हे नाव मिरवणाऱ्या सर्व्हरने घेतली. सेफ या दुसऱ्या साठवणीसोबत चालताना हा गणेशा सामायिक साठवणीत एक छोटी नोंदवही ठेवतो. प्रत्येक सर्व्हरपुढे दोन खुणा असतात: ग्रेस पिरियडची गरज आहे का, आणि तो पाळणे सुरू झाले का. सर्वांनी नवे लॉक थांबवल्याची खूण पटेपर्यंत जुने लॉक परत देण्यास आरंभ होत नाही, आणि कुणा एकाचीही गरज शिल्लक असेपर्यंत ग्रेस पिरियड उठत नाही.