खेळाचा सोबती : व्हिडिओ गेमचा इतिहास आणि आपली मुले



खेळाला सोबती लागतो, ही गोष्ट माणसाइतकीच जुनी आहे. विटी-दांडू एकट्याने खेळता येत नाही, कबड्डी एकट्याने खेळता येत नाही आणि कॅरमचा बोर्ड मांडला की समोर कोणीतरी बसावेच लागते. म्हणूनच आपला मुलगा खोलीच्या कोपऱ्यात मोबाइल घेऊन तासन्‌तास बसलेला दिसला, की आपल्या मनात पहिला विचार येतो तो असा, की हा एकलकोंडा झाला, याला माणसे नकोशी झाली. परंतु त्याच्या कानातील इअरफोन काढून आपण आपल्या कानाला लावला तर काय ऐकू येईल? तीन-चार मुलांचा गलका! कोणी मराठीतून, कोणी दखनीतून, कोणी हिंदीतून एकमेकांना हाका मारीत असतो. मुलगा एकटा बसलेला आहे हे खरे, पण तो एकटा खेळत नाही. हे कसे घडून आले, याचा थोडक्यात इतिहास पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. एखाद्या गोष्टीचे मूळ समजून न घेता तिच्याविषयी निवाडा देणे शिक्षकाला शोभत नाही आणि पालकालाही परवडत नाही.

सुरुवात दोघांपासून

व्हिडिओ गेम म्हणजे माणूस आणि यंत्र यांचा सामना, अशी आपली समजूत आहे. आश्चर्याची गोष्ट अशी, की आरंभीचे गेम तसे नव्हतेच. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ बसवला. तो खेळायला दोन माणसे लागत. १९६२ साली एमआयटी या विख्यात संस्थेतील मंडळींनी ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ तयार केला. त्यातही दोन खेळाडू आपापले यान चालवून एकमेकांशी झुंजत. १९७२ साली अटारी कंपनीचा ‘पाँग’ बाजारात आला, तोही दोघांचाच.

एकट्याचा खेळ लोकप्रिय झाला तो त्यानंतर. १९७८ साली जपानमधून ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८० साली ‘पॅकमॅन’ आला. नाणे टाकावे, यंत्राशी झुंजावे, हरलो की दुसरे नाणे टाकावे. समोरचा गडी गेला आणि त्याच्या जागी यंत्र आले.

आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम आले. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या अनेक पालकांना ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ ही नावे आठवतील. ‘मारिओ’मध्ये आळीपाळीने खेळावे लागे, तर ‘कॉन्ट्रा’मध्ये दोघांना बरोबरीने पुढे जाता येई. एका सतरंजीवर दोघे भाऊ, मागे उभी शेजारची चार मुले आणि स्वयंपाकघरातून लक्ष ठेवणारी आई, असे ते दृश्य असे. कोण कोणाबरोबर खेळतो आहे, कोण चिडला, कोणी शिवी दिली, हे घरातील सर्वांना दिसत असे. लोडशेडिंग सुरू झाले की खेळ संपे. त्याबद्दल वीज मंडळाखेरीज कोणाला दोष दिला जात नसे.

तारेवरून आलेला गडी

दूरच्या माणसाशी खेळणे ही कल्पना मात्र संगणकाहून जुनी आहे. बुद्धिबळाचे शौकीन पोस्टकार्डावर एकेक चाल लिहून पाठवीत आणि एक डाव महिनोन्‌महिने चाले. संगणकाने हे महिने क्षणांवर आणले. १९७०च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणक-जाळ्यावर विद्यार्थी वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकच खेळ खेळू लागले. जे जाळे शिकण्यासाठी विणले गेले, त्यावर मुलांनी खेळ मांडला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ हा खेळ रचण्यास आरंभ केला. त्यात चित्रे नव्हती, केवळ शब्द होते. तरीही त्या शब्दांच्या दुनियेत अनेक जण एकाच वेळी वावरत आणि एकमेकांशी बोलत.

१९९३ साली आलेल्या ‘डूम’मध्ये जोडलेल्या संगणकांवरून चौघांना खेळता येई. १९९७ चा ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि २००४ चा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ यांनी तर हजारो खेळाडूंची गावेच वसवली. त्या खेळात एखाद्या मोठ्या मोहिमेसाठी चाळीस जणांची तुकडी लागे. चाळीस माणसे जमवायची म्हणजे वार ठरला, वेळ ठरली, कामे वाटून दिली गेली आणि न येणाऱ्याची कानउघाडणीही सुरू झाली. खेळाला शिस्त आली, पण खेळाडूवर बंधनही आले.

आपल्या दारी

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. परंतु टेलिफोनच्या तारेवरून येणारे ते महागडे आणि मंद इंटरनेट खेळासाठी परवडणारे नव्हते. पुढे सायबर कॅफेत काही संगणक एकमेकांना जोडून ‘काउंटर-स्ट्राइक’सारखे खेळ खेळले जाऊ लागले. तेथेही खेळणारे एकाच छताखाली असत.

खरी क्रांती झाली ती सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर. डेटा स्वस्त झाला आणि त्याच सुमारास स्मार्टफोन खेड्यापाड्यांत पोहोचले. त्याच वर्षी नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीने ‘लुडो किंग’ काढला. फत्तेपूर सिक्रीच्या प्रांगणात फरसबंदीत आखलेला पचिशीचा पट आजही पाहायला मिळतो. ती पचिशी इंग्रजांनी नेली, तिचा ‘लुडो’ केला आणि शंभराहून अधिक वर्षांनी महाराष्ट्रातील एका कंपनीने तो मोबाइलवर आणला. २०२० च्या टाळेबंदीत या खेळाने घरोघरी मुक्काम ठोकला. नांदेडची नात आणि हैदराबादची नानी एका पटावर बसल्या. तेव्हा ऑनलाइन खेळाला नावे ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही फासे टाकले, हे आपण विसरू नये.

तरुणांचा ओढा मात्र दुसरीकडे होता. २०१७ साली ‘फ्री फायर’ आणि २०१८ साली ‘पबजी मोबाइल’ हे खेळ आले. पबजीत शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, सुरक्षित जागेचे वर्तुळ लहान लहान होत जाते आणि शेवटी जो उरतो तो विजयी ठरतो. चौघांची टोळी करून खेळता येते आणि खेळता खेळता बोलताही येते. ‘फ्री फायर’चा डाव पन्नास जणांचा आणि सुमारे दहा मिनिटांचा. साध्या, कमी किमतीच्या फोनवरही तो चाले, म्हणून गरिबाघरच्या मुलांतही तो पसरला.

हाक दिली तरी मूल का उठत नाही?

आता घरोघरी होणाऱ्या भांडणाकडे वळू. आई जेवायला हाक मारते. मुलगा म्हणतो, “पाचच मिनिटं, अम्मी!” पाचाची पंधरा मिनिटे होतात आणि आईचा पारा चढतो. मुलगा उद्धट झाला असे आपण म्हणतो. पण खेळाची रचना पाहा. पॅकमॅन मध्येच सोडला तर कोणाचे काही बिघडत नव्हते. इथे मात्र चौघांतील एक उठला तर उरलेले तिघे हरतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला जाब विचारतात. कबड्डीच्या डावातून मध्येच पळून जाणाऱ्या गड्याला आपण काय म्हणत होतो, ते आठवावे. मुलाला उठू न देण्यात यंत्राच्या मोहाइतकाच मित्रांच्या शब्दाचाही वाटा आहे. यामुळे त्याचे वागणे योग्य ठरत नाही, परंतु त्यावरचा उपाय बदलतो.

पैशाचेही तसेच आहे. हे खेळ फुकट मिळतात, मग कंपन्यांची कमाई होते कशातून? खेळातील पात्राचे कपडे, बंदुकीचा रंग अशा वस्तूंच्या विक्रीतून. घरात एकटाच असलेला माणूस नवा कुर्ता कोणासाठी घालील? ईदचा कुर्ता शोभतो तो चार जण पाहतात म्हणून. कंपन्यांनी हे माणसाचे मन ओळखले आहे. पाहणारे मित्र आहेत म्हणून मूल ते कपडे मागते आणि कधी कधी वडिलांच्या फोनवरून न विचारता खरेदीही करून टाकते.

नाण्याच्या दोन बाजू

या सोबतीचे मोलही नाकारता येणार नाही. नॉर्वे देशातील मॅट्स स्टीन हा तरुण स्नायूंच्या असाध्य विकाराने चाकाच्या खुर्चीला खिळला होता. २०१४ साली वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो वारला. आपल्या मुलाला मित्र लाभले नाहीत, हेच दुःख त्याच्या आईवडिलांना होते. त्याच्या निधनाची वार्ता त्यांनी कळवली, तेव्हा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील त्याच्या सोबत्यांची पत्रे येऊ लागली. मॅट्सने कोणाला धीर दिला होता, कोणाची घरची अडचण ऐकून घेतली होती. त्यांपैकी काही जण परदेशातून त्याच्या अंत्यविधीला आले. आपल्या मुलाचे जग केवढे होते, हे त्या मातापित्यांना त्याच्या मृत्यूनंतर कळले.

आपल्या भागापुरते बोलायचे तर लातूर आणि नांदेड ही शिकवणीची मोठी केंद्रे झाली आहेत. कंधार, मुखेड, उदगीर, औसा अशा गावांहून मुले येतात, भाड्याच्या खोलीत राहतात आणि दिवसभर ‘नीट’ची तयारी करतात. रात्री खोलीवर परतल्यावर बोलायला कोणी नसते. अशा वेळी गावाकडचा मित्र किंवा आखाती देशात गेलेला मामूचा मुलगा पडद्यावर भेटला, तर त्या मुलाला बरे वाटणारच. पण तीच भेट रात्री दोनपर्यंत लांबली तर सकाळच्या तासाला तो डोळे उघडे ठेवू शकत नाही, हेही आम्ही शिक्षक रोज पाहतो.

आणि सगळेच सोबती ओळखीचे नसतात. टोळीत चौथा म्हणून कोण अनोळखी माणूस आला, त्याचे वय काय, तो काय विचारतो आहे, हे आईवडिलांना ठाऊक नसते. चेहरा दिसत नाही म्हणून जीभ सैल सुटते. बोचरे बोल नकोत म्हणून अनेक मुली खेळताना आपले नाव लपवतात, आवाज बंद ठेवतात. सतरंजीवरच्या खेळात आईच्या धाकाने जी शिवी ओठांवरच राहत होती, ती आता इअरफोनमधून थेट कानात जाते.

कायदा किती पुरेल?

सरकारांनीही उपाय करून पाहिले. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेमची बंदी केली. मुले मोबाइलकडे वळली आणि मोबाइलला तो नियम लागू नव्हता. २०२१ मध्ये तो कायदा रद्द करण्याचे ठरले. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० रोजी देशाच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव ११८ ॲप्सवर बंदी आली, त्यांत पबजी होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’वरही बंदी आली. पबजीचा भारतीय अवतार ‘बीजीएमआय’ जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये काढला गेला आणि मे २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालून परतला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळे मानले. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकेही होती. परंतु त्या पदकापर्यंत पोहोचणारे मोजकेच असतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या आहारी जाण्याला विकारांच्या यादीत स्थान दिले असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. खेळावर ताबा न राहणे, इतर कामांपेक्षा खेळालाच महत्त्व देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे होत. ती साधारणपणे वर्षभर दिसली पाहिजेत. म्हणून दोन दिवस खेळणाऱ्या मुलाला रोगी ठरवू नये आणि वर्षभर खचत चाललेल्या मुलाकडे काणाडोळाही करू नये.

पालकांना विनंती

घड्याळ पाहून ओरडण्यापेक्षा डाव मोजावेत. “अर्धा तास” म्हटले तर डाव मध्ये तुटतो आणि भांडण होते. “दोन डाव, मग जेवण” असे आधीच ठरले तर मूल मित्रांनाही तसे सांगू शकते. रात्री फोन आईवडिलांच्या खोलीत राहावा. पैसे भरण्याचा पिन मुलांना सांगू नये. महिन्यातून एकदा तरी त्याच्याशेजारी बसावे आणि त्याच्या टोळीतील नावे विचारून घ्यावीत. एखादे नाव सांगताना तो अडखळला, तर रागावण्यापूर्वी ऐकून घ्यावे. रागावलेल्या घरात मूल पुढच्या वेळी काही सांगत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. जे बोलणे अम्मीसमोर बोलता येणार नाही, ते इअरफोनमध्येही बोलू नका. जो मित्र तुमची परीक्षा जवळ आली असताना “एकच डाव” म्हणून ओढतो, त्याला नाही म्हणायला शिका. आणि ज्यांच्याशी रोज पडद्यावर भेटता, त्यांच्यापैकी जे आपल्याच गल्लीत राहतात, त्यांना रविवारी मैदानावर बोलवा.

पूर्वी मुलगा संध्याकाळी बाहेर निघाला की दारातून त्याला विचारले जाई, “सोबत कोण कोण आहे रे?” मोबाइल हाती आला आणि मूल घरातच आहे म्हणून आपण निश्चिंत झालो. हा प्रश्न तेव्हाच आपल्या तोंडून गेला. तो पुन्हा विचारायला आज रात्रीपासूनच सुरुवात करावी, एवढीच विनंती.